तळहाताची फेरी

खोली बघायला गेले तेव्हा अप्पांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, भाडं परवडेल का तेही विचारलं नाही. वखारीच्या दारात बाजेवर बसून त्यांनी एकच प्रश्न केला.

"बाई, निजताना आगपेटी कुठं ठिवता?"

मी मुखेडची. लातूरला मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायला नुकतीच लागले होते, आणि नवरा एसटीत कंडक्टर, निलंग्याला. सुट्टी मिळाली की यायचा. अशी एकटी बाई खोली मागायला गेली की लोक काय काय विचारतात, त्याची उत्तरं मी वाटेत घोकून ठेवली होती. आगपेटीचं उत्तर त्यात नव्हतं. "स्टोव्हपाशी," म्हणाले. अप्पांनी पोटात कळ आल्यासारखे डोळे मिटले.

"न्हाई चालायचं. ह्या वखारीत एकच आगपेटी हाय. ती माझ्यापाशी."

आणि ते खरंच होतं. कमरेला धोतराच्या गाठीजवळ एक कापडी पिशवी लोंबायची, तिच्यात वखारीची किल्ली आणि ती आगपेटी. मला चहा करायचा असो, त्यांच्या सुनेला चूल पेटवायची असो, मिस्त्रीला बिडी ओढायची असो, अप्पांपुढे जाऊन उभं राहायचं. ते एक काडी देत. काम झालं की विझलेली काडी परत घेत, बोटांनी चाचपत आणि मगच टाकत. मिस्त्रीला तर ते रस्त्याच्या पलीकडे पाठवत आणि बिडी संपेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवत. बिचाऱ्याने शेवटी बिडीच सोडली आणि तंबाखू धरली.

अप्पा लाकडाचे व्यापारी. मूळचे निलंग्याकडचे, लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, छातीवर इष्टलिंग, अंगात बाराबंदी, आणि आवाज असा की रंध्याने लाकूड तासावं. पुढे वखार, मधे सुतारकामाचा मोठा पत्र्याचा मांडव, मागे त्यांचं घर आणि त्याला चिकटून माझी खोली. माणसांशी ते मराठी बोलत. कानडी त्यांनी बैलांसाठी आणि मशीनसाठी राखून ठेवली होती.

त्या वर्षाची आठवण काढली की मला सगळं धुळीच्या पडद्याआडून दिसतं. जिल्हा नवा झाला होता. पेढे वाटून झाले होते, पाणी वाटायचं राहिलं होतं. पाऊस रुसला होता, विहिरींचे तळ दिसत होते आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा तेव्हा घागरींची रांग आमच्या वखारीच्या दारापर्यंत पोचायची. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी येऊन पडलं की पत्रा तापून कुरकुरायचा, भिंतीपलीकडे मशीन गुणगुणायचं, सागवानाचा गोडसर वास उशीत शिरायचा, आणि मी जागी आहे की झोपले आहे हे माझं मलाच सांगता यायचं नाही. आयुष्यात इतकी सुखाची झोप मला नंतर कधी लागली नाही. दुष्काळात सुख म्हणू नये, पण होतं ते होतं.

ते मशीन म्हणजे लाकडाला होल पाडायचं उभं ड्रिल. होल पाडणाऱ्या पात्याला तिकडे बर्मा म्हणत. वेताच्या खुर्च्यांना बैठकीच्या चौकटीभर बारीक होलं लागतात, त्यांतून वेत ओवायचा. एकेका चौकटीला होलांची ही रांग. दुसऱ्या कुणाच्या कारखान्यात ते काम चुटकीसरशी झालं असतं. अप्पांच्या मांडवात त्याला एखाद्या पूजेइतका वेळ लागे.

बर्म्याला आधी मेणबत्तीचा तुकडा चोळायचा. मशीनचा पट्टा मोठ्या चाकावर, म्हणजे फिरणं सावकाश. बर्मा थोडा आत घालायचा, बाहेर काढायचा, त्याच्या खाचेतला भुसा ब्रशने झाडायचा, पुन्हा थोडा आत. आत नुसता फिरत ठेवायचा नाही. धार गेली असेल तर जोर लावायचा नाही, धार लावायची. काढलेला बर्मा भुशावर ठेवायचा नाही, त्याच्यासाठी वाळूचं घमेलं. आणि भुसा तर क्षणभरही खाली पडलेला चालत नसे. अप्पा बाजेवरून कानडीत मशीनला सांगत राहायचे, "साकु, साकु." म्हणजे पुरे, पुरे. मशीनला कळो न कळो, मिस्त्रीला कळायचं आणि तो बर्मा बाहेर काढायचा.

"अप्पा, असं थांबत थांबत किती दिवस करणार?" मी एकदा विचारलं.

"घाईचं होल काळं पडतंय, बाई," ते म्हणाले. "लाकूड घासलं की तापतंय. तापलं की करपतंय. आन करपलं की आत इस्तू ऱ्हातो, दिसत न्हाई. तुमी घरी जाऊन जेवता, त्यो हिथं बसून खाऊन राहतो."

तरुणपणी त्यांनी कुठे आग बघितली असावी असं मला वाटायचं. विचारलंही.

"काही झालं न्हाई," ते म्हणाले. "होऊ द्यायचं न्हाई म्हनूनच तर."

सोमवारी मशीन बंद. त्यांच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत, तो महादेवाचा वार, नंदीला विसावा. अप्पांचं म्हणणं, जे जू ओढतं ते सगळं बैलच. पोळ्याला त्यांनी त्या मशीनला हार घातला होता, पुरणपोळीचा घास दाखवला होता, आणि त्यांची सून तोंडाला पदर लावून हसत होती. आता विजेवर चालणाऱ्या मोटारीला विश्रांतीचा वार कसला? हे त्यांना कोण सांगणार? मी एकदा सांगून बघितलं. त्यांनी माझ्या शिवणयंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "हिला कवा सुट्टी देता?"  तेव्हापासून सोमवारी मीही शिवायला बसत नाही, कारण विचाराल तर मला देता येणार नाही.

त्यांची आंघोळ हा गल्लीचा करमणुकीचा विषय होता. मोठ्या घंगाळात मधोमध पाट, पाटावर अप्पा. अंगावरचं पाणी घंगाळातच साठायचं. थेंब बाहेर गेला तर सुनेला हाक. त्या पाण्यात गोणपाटं भिजवून मांडवाच्या खांबाखांबाला टांगलेली असायची, आगीसाठी. साबण लावायचे नाहीत. भिजली गोणपाटं हातातून निसटली तर, म्हणून. गल्लीतली पोरं म्हणायची, अप्पा अंग धूत नाहीत, पोती धुतात.

पण अप्पा डोळ्यांपुढे येतात ते संध्याकाळचे. मशीन थांबलं की मिस्त्रीने, सुनेने, मी, कुणीच मोठ्याने बोलायचं नाही. पश्चिमेकडून तांबडं ऊन आडवं मांडवात यायचं, त्यात भुशाचे कण तरंगत राहायचे, खाली बसायचं नावच घ्यायचे नाहीत. त्या उजेडातून अप्पा अनवाणी चालत. त्या दिवशी होलं पाडलेल्या प्रत्येक लाकडावर उजवा तळहात ठेवत, क्षणभर थांबत, पुढच्या लाकडाकडे जात. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात. एखादं कोमट लागलं तर ते उचलून वाळूत ठेवत आणि तिथेच उकिडवे बसून राहत. मी पायरीवर बसून भाजी निवडताना बघत असे, आणि मला माझं शहाणपण, त्यांचा खुळेपणा, दोन्ही विसरायला होई.

नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या आणि कचेऱ्यांना खुर्च्या लागणारच. अशा एका कचेरीच्या वेताच्या खुर्च्यांचं मोठं काम अप्पांच्या मुलाने, बसवराजने, मिळवलं. तिशीचा, सरळ, घाम गाळणारा पोरगा. बापासारखाच हट्टी, फक्त उलट्या दिशेने. काम वेळेत झालं नाही तर ते नांदेडच्या कारखान्याला जाणार होतं, आणि अप्पांच्या चालीने ते वेळेत होणं शक्यच नव्हतं. बसवराजने पट्टा लहान चाकावर टाकला, मशीन जोरात फिरायला लागलं. सोमवारीही. अप्पा बाजेवरून ओरडायचे, तो ऐकायचा नाही. मिस्त्री दोघांच्या मधे उभा, एकदा बापाकडे बघे, एकदा लेकाकडे. शेवटी एका सकाळी बसवराज बापापुढे येऊन उभा राहिला.

"अप्पा, तुमी जरा शेतावर जाऊन या. निलंग्याला. काम होईस्तोवर."

"शेतात काय हाय? ढेकळं?"

"आराम करा. हिथं तुमी खामखा बेजार होऊन राहिले, आन आमाला बी बेजार करून राहिले."

अप्पा उठले. घरात गेले, पत्र्याची ट्रंक काढली आणि तिच्यात धोतरं भरायला लागले. दुपारी मी पाणी द्यायला गेले तर ट्रंकेशेजारी जमिनीवर बसले होते. "बाई," म्हणाले, "म्हातारा बैल आरामाला धाडत्यात ना, त्यो माघारी येत न्हाई."  मी उगाच ट्रंकेचं झाकण पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते जायचे होते. दोन दिवसांपासून गल्लीची वीज गेली होती. कुठे तार तुटली होती म्हणे. त्या दुपारी वीज आली आणि खोळंबलेलं काम भरून काढायला बसवराज आणि मिस्त्री मशीनवर तुटून पडले. अप्पा घरातच होते. सकाळपासून मांडवात पाऊल टाकलं नव्हतं.

मी पडले होते. डोळा लागला आणि मी मुखेडला पोचले. आई परसात बसून शेंगा भाजत होती, मी तिच्या मागे उभी होते, आणि ती वळून बघत नव्हती. वास मात्र अगदी खरा. शेंगा करपायला लागल्या तरी आई हलवेना. "आई, अगं करपल्या," मी म्हणाले आणि माझ्याच आवाजाने जागी झाले. आई गेली. वास गेला नाही.

मी तशीच उठून घरात गेले. "अप्पा, बाहेर या. करपल्याचा वास येतोय." ट्रंकेला हात टेकून ते उठले.

मांडवात आग कुठेच दिसत नव्हती. बसवराज मशीनचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरून होता, घामाने निथळत होता. चौकटीतून बारीक धूर निघत होता. पायाशी भुसा साठला होता, आणि झाडून सारलेल्या भुशाचा ढीग भिंतीशी, सागवानाच्या उभ्या फळ्यांना लागून.

"काही न्हाई अप्पा," मिस्त्री म्हणाला. "दुष्काळानं लाकूड बी वाळून हाड झालंय. बर्मा शिरंना. जरा जोर लावावा लागतोय."

अप्पांनी खाली वाकून पायाशी पडलेला भुसा चिमटीत घेतला. एरवी बर्म्यातून वळ्यावळ्याचा कीस निघतो. हा तपकिरी होता, पिठासारखा. "सोमवारी जुंपलं मशीन. रुसलंय त्ये," ते म्हणाले आणि मग ओरडले, "साकु!"

बसवराजने मशीन बंद केलं. ओरडण्याला नव्हे, मला वाटतं, त्या चेहऱ्याला तो घाबरला असावा. तोवर अप्पा त्या मोठ्या ढिगापाशी गेले होते आणि त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत आत घातला होता. हात बाहेर आला तेव्हा मुठीत लाल निखाऱ्याचा गोळा होता. वरून ढीग थंडगार दिसत होता. आत पेटला होता.

पुढचं सगळं मला आवाजाशिवाय आठवतं, फक्त अप्पांचा आवाज सोडून. ढीग एका बाजूने ढासळला आणि धुराचा लोट पत्र्याला लागला. टँकरच्या रांगेतल्या बाया भरल्या घागरी घेऊन आत धावल्या. अप्पा दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"पानी नगं! वरून वतलं तर समदं उडंल, फळ्या धरतील! आन पोरं काय पितील? गोणपाटं! गोणपाटं घ्या!"

बाया थबकल्या, घागरी खाली ठेवल्या आणि खांबांवरची ओली गोणपाटं ओढायला लागल्या. त्यांच्याबरोबर मीही. एकेक गोणपाट ढिगावर अलगद घालायचं, खालचा भुसा फावड्याने अंगणात ओढायचा, पातळ पसरायचा, वर वाळू. कुणीतरी फळ्या भिंतीपासून दूर केल्या. बसवराजच्या हातात फावडं होतं. अप्पांच्या हातात काहीच नव्हतं, ते हातानेच उपसत होते, कारण कुठला भुसा पेटलाय आणि कुठला नाही हे त्यांना हाताला कळत होतं. ढीग संपल्यावर ते होलं पाडलेल्या चौकटींकडे वळले. एका चौकटीच्या होलात अजून ठिणगी होती. ती त्यांनी बोटाने चिरडली.

वखार वाचली. वखारीला लागून आमची घरं, घरांना लागून गल्ली, आणि गल्लीत त्या दिवशी पाणी होतं ते फक्त त्या घागरींत. काय झालं असतं ते मी आजही पुढे नेऊन बघत नाही.

खरं कारण संध्याकाळी बसवराजच्याच लक्षात आलं. त्याने मशीन रिकामं सुरू केलं आणि पट्टा कुठल्या बाजूला पळतो ते बघितलं. मशीन उलटं फिरत होतं. तार जोडताना जोडणाऱ्यांनी फेजच्या तारांची अदलाबदल केली होती, मोटार उलटी फिरायला लागली होती, आणि बर्मा लाकूड कापण्याऐवजी पाठीने नुसता घासत होता. एरवी असं झालं की विहिरींवरचे पंप उलटे फिरतात, पाणी चढत नाही, आणि अर्ध्या तासात शिवारातून बोंब येते. त्या वर्षी विहिरीत पाणी नव्हतं, पंप बंद होते. बोंब मारायला कुणी नव्हतंच. मिस्त्रीने दुष्काळाला दोष दिला, अप्पांनी सोमवारला, आणि दोघेही चुकले.

दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ झाली आणि टळली. बसवराजने ट्रंक उचलली, आत नेऊन धोतरं पुन्हा खुंटीला लावली. त्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. पट्टा मात्र त्याने मोठ्या चाकावर घातला आणि नांदेडला काम जाईल तर जाऊ दे म्हणाला. कचेरीने मुदत वाढवून दिली, तिला अजून बसायला इमारतच मिळाली नव्हती.

अप्पांचा उजवा हात बरेच दिवस पट्टीत होता. सुटला तेव्हा तळव्याची कातडी गुळगुळीत, गुलाबी, नव्या बाळासारखी. ते पुन्हा बाजेवर बसायला लागले, संध्याकाळी मांडवात जायला लागले. सगळं पहिल्यासारखं झालं असं मला वाटलं आणि एका दुपारी त्यांना मी स्टोव्हवरून उतरवलेला चहा स्टीलच्या पेल्यात दिला. पदराने धरून दिला. त्यांनी तो उघड्या तळव्यात घेतला आणि धरून ठेवला. फुंकर घालत, बोलत, कितीतरी वेळ.

माझी नजर पेल्यावर खिळली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

"बाई, कुनाला बोलू नका."

"अप्पा, कधीपासून?"

"पट्टी सुटल्यापासून. ह्यो हात मुका झालाय."

"डावा आहे की."

"डाव्याला काय कळतंय?" ते चिडून म्हणाले. "त्यानं कवा काम केलंय!" मग आवाज खाली आला. "पोराला कळलं तर म्हनंल, आता म्हाताऱ्याचं काय काम हिथं? मंग ट्रंक हायेच."

मी कुणाला बोलले नाही. पण त्यानंतर संध्याकाळची ती फेरी बघणं मला सोसेना. तेच तांबडं ऊन, तेच तरंगते कण, आणि त्यातून अप्पा एकेका लाकडावर मुका हात ठेवत चाललेले. थांबायचे तितकंच. मान हलवायचे तशीच. त्यांना काहीच कळत नव्हतं, हे त्या मांडवात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त वाईट वाटायचं.

मग एके संध्याकाळी बघते तर बसवराज त्यांच्या मागून चालत होता. अंतर ठेवून, अनवाणी, पायाचा आवाज होऊ न देता. अप्पांनी एका चौकटीवर हात ठेवला, मान हलवली आणि पुढे गेले. बसवराजने त्याच चौकटीवर आपला तळहात ठेवला. मग पुढची. मग त्याच्या पुढची. एका चौकटीवरून अप्पा गेले आणि बसवराजचा हात तिच्यावर थबकला. त्याने ती उचलली, आवाज न करता वाळूत नेऊन ठेवली आणि पुन्हा बापाच्या मागे गेला. माझ्याकडे त्याने एकदा बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याला किती दिवसांपासून ठाऊक होतं कोण जाणे.

असं रोज चाललं. पुढे बाप, मागे लेक, आणि दोघांच्या मधे एका चौकटीचं अंतर. अप्पांनी कधी मागे वळून बघितलं नाही. मी मनात म्हणायचे, देवा, त्यांना कळू देऊ नको.

खुर्च्यांचं काम संपत आलं त्या सुमाराची गोष्ट. फेरी संपली, अप्पा शेवटच्या खुर्चीपाशी पोचले. तिच्यावर हात ठेवून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे बसवराजही जागच्या जागी उभा राहिला. मी पायरीवर, हातातली गवारीची शेंग तशीच.

अप्पा न वळताच म्हणाले, "बसू, गार हाय का रं?"

बसवराजने दोन पावलं पुढे होऊन बापाच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.  बाप थांबायचा तेवढाच तोही थांबला.

"हाव, अप्पा," तो म्हणाला. "गार हाय समदं."

अप्पांनी कमरेची पिशवी सोडली. वखारीची किल्ली त्यांनी तोवर कुणाच्या हाती दिलेली मी बघितली नव्हती. ती त्यांनी लेकाच्या तळहातावर ठेवली, आणि तिच्यावर आगपेटी.

"मंग लाव कुलूप," म्हणाले आणि जेवायला घरात गेले.